दिवसाढवळ्या मोटारीचे दिवे लावावेत काय?

छावणीकर (धागाकर्ता)

गेल्या जानेवारीत एका सकाळी मी आणि माझी पत्नी मोटारीने आग्र्याला निघालो होतो. ग्वाल्हेर सोडले तेव्हा लवकरच ऊन पडेल अशी चिन्हे होती, परंतु मुरैना ओलांडून चंबळच्या पुलाकडे जाऊ लागलो तसतसा कोहरा दाटत गेला. (आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक धुक्याला बहुधा कोहराच म्हणतो, पुण्यामुंबईच्या सभासदांनी सांभाळून घ्यावे.) घड्याळात पावणेनऊ वाजले होते आणि अंधार मुळीच नव्हता. उलट सगळीकडे दुधाळ उजेड भरून राहिला होता, फक्त त्या उजेडात पन्नास पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. आमच्या मोटारीला डीआरएल, म्हणजे इंजिन सुरू होताच पुढे आपोआप लागणारे पांढरे दिवे आहेत. डॅशबोर्डही त्याच वेळी उजळतो. त्यामुळे गाडी सुरू आहे तोवर आपले दिवे लागलेले असतात, अशी माझी दोन वर्षांची पक्की समजूत होती.

पुलाअलीकडे एका ढाब्यावर चहासाठी थांबलो. आमच्या मागोमाग आलेला ट्रकचालक खाली उतरला, सरळ माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाबूजी, पीछे की बत्ती तो जला लो, दो बार आपके ऊपर चढ़ते-चढ़ते बचा हूँ." मी गाडीच्या मागे जाऊन पाहिले. दोन्ही लाल दिवे विझलेले होते. पुढे मात्र दोन पांढऱ्या पट्ट्या दिवाळीसारख्या झगमगत होत्या. दिव्यांचे बटण मी 'ऑटो'वर ठेवलेले होते आणि ते घरून निघाल्यापासून तसेच होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. अनेक देशांत मोटारींनी दिवसाही दिवे लावावेत असा कायदा आहे. आपल्याकडे नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून तशी सक्ती झाली, मोटारींना ती नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत आणि एरवी पुरेसा उजेड नसेल तेव्हा दिवे लावायचे असतात. मोटारींनाही दिवसा दिव्यांची सक्ती असावी काय? असावी, तर ती कोणत्या दिव्यांची असावी? माझा स्वतःचा कल सक्तीकडे आहे, परंतु ढाब्यावरच्या त्या प्रसंगानंतर मी थोडा गोंधळलो आहे, म्हणून हा धागा.

निवृत्त_मास्तर

छावणीकर, आपण उभयता सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. आता आपल्या प्रश्नाकडे वळतो आणि आरंभीच सांगून टाकतो की मी सक्तीच्या विरोधात आहे.

ही कल्पना जेथे जन्मली त्या देशांचे आकाश आधी पाहावे. फिनलंडने १९७२ मध्ये गावांबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरते दिवसा दिवे लावणे बंधनकारक केले, स्वीडनने १९७७ मध्ये ते वर्षभरासाठी केले. स्टॉकहोम सुमारे ५९ अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो, म्हणजे आपल्याकडे सूर्योदयानंतर पाऊणएक तासाने तो जेवढा वर असतो तेवढाच. आपले ग्वाल्हेर २६ अंशांवर आहे. येथे त्याच दिवशी दुपारी सूर्य ४० अंशांवर असतो आणि जूनमध्ये तर ८७ अंशांवर, अगदी डोक्यावर. ज्यांचा दिवस आपल्या संध्याकाळसारखा असतो त्यांनी दिवसा दिवे लावणे शहाणपणाचेच आहे. तो नियम जसाच्या तसा उचलून आपण मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या फूलबाग भागावर लावावा, हे मला पटत नाही. अक्षांश जितका मोठा तितका या दिव्यांचा लाभ अधिक, असे नेदरलंडमधील संशोधकांनीही १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या आकडेवारीवरून मांडले होते.

त्यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. दिवा दिसतो तो त्याच्या तेजामुळे नव्हे, तर त्याच्या आणि मागच्या पार्श्वभूमीच्या तेजातल्या फरकामुळे. याचे एक गमतीदार उदाहरण वर्गात मी नेहमी देत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने १९४३ च्या सुमारास विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे बसवून पाहिले, आणि ते विमान दिसावे म्हणून नव्हे, तर दिसू नये म्हणून! आकाशाच्या उजेडाइतकाच दिव्यांचा उजेड ठेवला की विमानाची काळी आकृती आकाशात विरघळून जाते आणि ते फार जवळ आल्यावरच लक्षात येते. लख्ख पार्श्वभूमीवर मिणमिणता दिवा लावला, तर लाभ सोडाच, कधी कधी उलटाच परिणाम संभवतो.

मुरारकरीण

मास्तर, नमस्कार. मी तुमची विद्यार्थिनी नव्हते, पण वर्गात असते तर येथेच हात वर केला असता.

मी रोज ग्वाल्हेरातच मुरार भागातून लष्कर भागात स्कूटरने जाते. माझी स्कूटर २०१७ नंतरची असल्यामुळे तिचा हेडलाइट बंद करण्याचे बटणच नाही. सुरुवातीची दोन वर्षे असा एक दिवस गेला नाही की समोरून येणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाने हाताची बोटे उघडमीट करून "ताई, लाइट चालू राहिलाय" असे खुणावले नाही. शेजारच्या काकूंनी तर बॅटरी उतरेल म्हणून घरी येऊन सांगितले. आता कोणी खुणावत नाही, म्हणजे डोळ्यांना सवय झाली. मात्र त्या खुणांचा मला एक अर्थ लागतो: भर उन्हात, ग्वाल्हेरच्या उन्हात, इतक्या लोकांना माझा दिवा दिसत होता! तो दिसत नसता तर त्यांनी खुणावले कशाला असते?

अक्षांशाच्या मुद्द्याला दुसरे उत्तर मलेशियाचे आहे. तो देश विषुववृत्ताला लागून आहे. तेथे १९९२ मध्ये मोटरसायकलींना दिवसा हेडलाइट लावण्याची सक्ती झाली आणि त्यानंतरच्या अभ्यासात, मोटरसायकल वेळेवर न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. सूर्य डोक्यावर असलेल्या देशात दिवसाचा दिवा निरुपयोगी ठरत असता, तर हे झाले नसते.

दुचाकीवाल्यांची खरी भीती वेगळी आहे. गोले के मंदिराच्या चौकात मी सरळ जात असते आणि समोरची मोटार उजवीकडे वळण्यासाठी थांबलेली असते. तिच्या चालकाची नजर माझ्या मागच्या बसवर असते, मी त्याच्या डोळ्यांना दिसते पण मनाला दिसत नाही, आणि तो वळतो. अपघात झाला की प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगतो, "दिसलीच नाही हो." त्या गर्दीत एकटी मी दिवा लावलेली असते, एवढाच माझा लाभ. उद्या सगळ्या मोटारी दिवे लावून उभ्या राहिल्या, तर माझा एकुलता एक दिवा त्या झगमगाटात हरवून जाईल. युरोपातल्या मोटरसायकलस्वारांच्या संघटनांनी मोटारींच्या दिव्यांना विरोध केला तो याच कारणाने. म्हणून माझे मत असे की दुचाकींना दिवा असावा आणि मोटारींना नसावा. हे स्वार्थी आहे, ठाऊक आहे.

आगंतुक

दिवसाचे दिवे बाजूला ठेवा. या शहरात रात्री प्रत्येक जण हाय बीम लावून समोरच्याला आंधळा करतो, त्याचे आधी बघा. डिपर मारला तर उलट तेच लोक डोळे वटारतात.

छावणीकर

आगंतुक, आपली तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिच्यासाठी वेगळा धागा काढल्यास मी पहिला प्रतिसाद देईन. येथे आपण दिवसापुरतेच बोलू या.

मुरारकरीण ताई, तुमचा स्वार्थ मला अगदी न्याय्य वाटतो. पण मग माझा प्रश्न असा: समोरून येणारी मोटार लवकर दिसली, तर त्यात तुमचाही लाभ नाही काय? भिंड रस्त्याचे उदाहरण घ्या. जेथे रस्त्याला दुभाजक नाही तेथे पुढच्या ट्रॉलीला ओलांडताना समोरच्या वाहनाचा अंदाज घ्यावा लागतो. माझा वेग ८० आणि समोरच्याचाही ८०, म्हणजे आम्ही दर सेकंदाला एकमेकांच्या ४४ मीटर जवळ येतो. ओलांडायला ८ सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात साडेतीनशे मीटर संपतात. उन्हाळ्यात सकाळी त्या रस्त्याने जाताना सूर्य तोंडासमोर असतो. त्या तिरिपीत मातकट रंगाची मोटार साडेतीनशे मीटरवर आहे की नाही, हे माझ्यासारख्या पासष्टीच्या माणसाला खरोखर कळत नाही. दिवे असले तर कळते, हा अनुभव आहे.

वायरमन

मोटारींच्या विजेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. या चर्चेत दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव दिले जात आहे आणि बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो.

एक म्हणजे नेहमीचा हेडलाइट दिवसा लावणे. दुसरी म्हणजे डीआरएल, हा वेगळाच दिवा आहे. हेडलाइटचा लो बीम रस्ता दिसावा म्हणून मुद्दाम खाली वळवलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांत तो जितका कमी जाईल तितका चांगला. डीआरएलचे काम अगदी उलट असते; त्याने रस्ता उजळायचा नसतो, समोरच्याच्या नजरेत भरायचे असते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमावलीत त्याची तीव्रता सरळ समोरच्या दिशेला किमान ४०० आणि कमाल १२०० कॅन्डेला (कॅन्डेला म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) ठरवली आहे. त्याहून कमी असेल तर दिवसा दिसत नाही, जास्त असेल तर डोळ्यांना खुपतो. हेडलाइट लागला की डीआरएलने विझावे किंवा मंद व्हावे, आणि इंडिकेटर अगदी लगत असेल तर वळताना त्या बाजूच्या डीआरएलने नमते घ्यावे, असेही त्या पद्धतीत ठरलेले आहे, कारण पांढऱ्या झगमगाटात पिवळा इंडिकेटर बुडून जातो. मुरारकरीण ताईंना चौकात नेमका तो पिवळा दिवाच दिसायला हवा असतो.

आता खर्चाचा हिशेब, कारण तो मुद्दा कोणीतरी काढणारच. जुन्या पद्धतीचे दोन हॅलोजन बल्ब प्रत्येकी ५५ वॉटचे, म्हणजे ११० वॉट; मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्ड मिळून दीडशेपर्यंत धरा. ही वीज आल्टरनेटर तयार करतो, त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास वाया जाते, आणि इंजिन तर पेट्रोलच्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात आणते. त्यामुळे दीडशे वॉटसाठी सुमारे हजार वॉटचे पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला लिटरचा नववा हिस्सा खर्च झाला. एका मोटारीला हे थोडे वाटेल, पण शहरात तासाभरात वीस किलोमीटरच तुटतात हे ध्यानात घ्या. शिवाय हॅलोजन बल्बचे आयुष्य काही शे तासांचे असते, ते दिवसा जाळले तर रात्री अडचण. एलईडीच्या डीआरएलच्या जोडीला मात्र दहा-बारा वॉट पुरतात, म्हणजे खर्च दहा-बारा पटींनी कमी. म्हणून हेडलाइटची सक्ती नको, कारखान्यातून बसवून येणाऱ्या डीआरएलला हरकत नको, असे माझे मत आहे. 'कारखान्यातून' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. दुकानात मिळणाऱ्या निळ्या, लाल, लुकलुकणाऱ्या पट्ट्या मी स्वतः कित्येक गाड्यांवरून उतरवल्या आहेत. त्यांना ना तीव्रतेची मर्यादा, ना दिशेची.

हिमनगरी

माझे बालपण ग्वाल्हेरच्या दौलतगंजात गेले, आता बरीच वर्षे टोरांटोमध्ये आहे. कॅनडाचा अनुभव या चर्चेला उपयोगी पडेल, विशेषतः छावणीकर काकांच्या ढाब्यावरच्या प्रसंगाला.

कॅनडात डिसेंबर १९८९ पासून तयार झालेल्या प्रत्येक नव्या मोटारीला दिवसाचे दिवे असणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने हाच नियम नव्या प्रकारच्या मोटारींना फेब्रुवारी २०११ पासून आणि ट्रक-बसना ऑगस्ट २०१२ पासून लागू केला. शेजारच्या अमेरिकेत मात्र आजही परवानगी आहे, सक्ती नाही. तेथे एका मोठ्या मोटार कंपनीने सक्ती करावी असा अर्ज २००१ मध्ये केला होता. सरकारच्या रस्ता-सुरक्षा विभागाने २००८ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकंदर अपघातांवर ठोस म्हणता येईल असा परिणाम आढळला नाही, आणि २००९ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. मास्तरांच्या बाजूचा आणखी एक पुरावा देऊन टाकतो: ऑस्ट्रियाने २००५ मध्ये दिवसा दिव्यांची सक्ती केली आणि २००८ च्या आरंभी ती मागे घेतली. असे असूनही जुन्या नॉर्वेजियन आणि कॅनेडियन अभ्यासांतून दिवसा दोन वाहनांमध्ये होणाऱ्या टकरी काही टक्क्यांनी घटतात असे पुन्हा पुन्हा निघाले आहे. थोडक्यात, लाभ आहे, पण त्याचे माप कोणी कोठे उभे राहून घेतले यावर ते बदलते.

परंतु मला सांगायचे आहे ते वेगळेच. कॅनडात दिवसाचे दिवे फक्त पुढे लागत. डॅशबोर्ड सतत उजळलेला राहू लागला तशी एक नवी जमात रस्त्यावर आली: संध्याकाळ होऊन गेली तरी पुढच्या मंद दिव्यांवर निवांत गाडी हाकणारे आणि मागे पूर्ण अंधार असणारे लोक. चालकाचा काही दोष नाही, त्याला समोर उजेड दिसतो, काटे दिसतात, त्याला वाटते सगळे ठीक आहे. तिकडे अशा गाड्यांना 'फँटम' म्हणतात, आपण भूतगाड्या म्हणू या. शेवटी सप्टेंबर २०२१ पासून नियम बदलावा लागला. आता नव्या गाड्यांना तीनपैकी एक गोष्ट करावी लागते: दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचेही दिवे लागावेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा चालक दिवे लावीत नाही तोवर डॅशबोर्ड काळाच राहावा. पहिल्या नियमानंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेल्यावर हे सुचले, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. आपण सक्ती करणार असू, तर निदान त्यांची ही ठेच आपल्याला पुन्हा लागू नये.

छावणीकर

हिमनगरी, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझ्या चुकीचे नाव मिळाले. माझी गाडी त्या सकाळी भूतगाडी होती.

तरी एक शंका उरते. माझे बटण 'ऑटो'वर होते. कॅनडाच्या दुसऱ्या पर्यायाप्रमाणे माझी गाडीही अंधार पडताच दिवे आपोआप लावते, बोगद्यात किंवा पुलाखाली तर क्षणात लावते. मग कोहऱ्यात तिने ते का लावले नाहीत?

वायरमन

कारण तिला कोहरा दिसत नाही, काका. काचेच्या वरच्या भागात आरशाच्या मागे किंवा डॅशबोर्डवर जो सेन्सर असतो तो फक्त उजेड मोजतो. समोरचे किती अंतरावरचे दिसते आहे, हे त्याला कळत नाही. तुम्हीच लिहिले आहे की सगळीकडे दुधाळ उजेड होता. पाण्याचे अगणित सूक्ष्म थेंब सूर्यप्रकाश सर्व दिशांना पसरवतात, त्यामुळे सकाळी नऊच्या कोहऱ्यात सेन्सरला भरपूर उजेड मिळतो आणि त्याच्या लेखी तो स्वच्छ दिवस ठरतो. जेथे तुम्हाला मागच्या दिव्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेथेच ही सोय तुम्हाला सोडून जाते. हा बिघाड नव्हे. यंत्र त्याला सांगितलेले काम चोख करीत होते.

अशा वेळी बटण हाताने फिरवून लो बीम लावायचा. हाय बीम नको, कारण त्याचा झोत थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. मागच्या बाजूचा तीव्र लाल फॉग लॅम्प असेल तर तोही लावावा आणि कोहरा विरळ होताच बंद करावा.

निवृत्त_मास्तर

वायरमन यांच्या खुलाशात थोडे गणित जोडतो. हवामान खाते ५० मीटरपेक्षा कमी दृश्यता असेल तर त्याला अतिदाट धुके म्हणते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे जाणवून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २३ मीटर लागतात. बेरीज ४८. म्हणजे समोर उभ्या असलेल्या गाडीला दिवा नसेल आणि ती ५० मीटरवर दिसली, तर दोघांमध्ये दोन मीटर उरतात, तेही रस्ता कोरडा असेल तर, आणि जानेवारीच्या सकाळी तो दवाने ओला असतो. वेग ४० केला तर बेरीज २७ वर येते. तेजस्वी लाल दिवा मात्र अशा हवेतही न उजळलेल्या पत्र्यापेक्षा बराच आधी दिसतो. छावणीकरांच्या मागच्या ट्रकचालकाला दोनदा जो घाम फुटला त्याचा हा हिशेब आहे.

मुरारकरीण यांच्या मलेशियाच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. मला तो मान्य करावा लागतो, पण मोटरसायकलींपुरता. दुचाकीची आकृती समोरून इतकी अरुंद असते की दिव्याशिवाय नजर तिच्यावर ठरतच नाही. मोटार मुळातच रुंद, तिला दिव्याने मिळणारी भर कमी. तेव्हा कडक उन्हात मोटारींना सक्ती नको, हे माझे मत मी सोडत नाही. मात्र पुढच्या दिव्यांवर आपण इतके दिवस वाद घातला आणि अपघात तर मागून होणार होता, ही गोष्ट मला धागा पुन्हा वाचताना लक्षात आली.

डबरेकर

मी शेतकरी माणूस, घरी ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे, त्यामुळे या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजा. आमच्या बहुतेक ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. कारखान्याने दिलेले असले तरी पहिल्या हंगामात वायर तुटते, नंतर कोणी जोडत नाही. आमच्या भागात एक अपघात झाल्यावर मी माझ्या ट्रॉलीच्या फळीवर लाल-पांढरी चमकणारी पट्टी चिकटवली आणि आपले कर्तव्य संपले असे मानले.

वायरमन यांचा प्रतिसाद वाचून मात्र मला एक गोष्ट खटकली. ती पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यावर मागच्या गाडीचा झोत पडला तर ती तो उजेड आल्या दिशेला परत पाठवते. रात्री सगळ्यांचे हेडलाइट लागलेले असतात म्हणून ती झळकते. सकाळच्या कोहऱ्यात मागची मोटार फक्त डीआरएलवर येत असेल, तर तिच्या दिव्याने माझी पट्टी उजळणार कशी? तो दिवा रस्ता दाखवण्यासाठी नाहीच, असे वर लिहिले आहे. म्हणजे तिला मी दिसणार नाही आणि तिच्या मागच्याला ती दिसणार नाही. माझा तर्क चुकत असेल तर सांगा.

वायरमन

डबरेकर, तर्क अचूक आहे. सांगायला संकोच वाटतो, पण इतक्या वर्षांत पट्टीचा हा मुद्दा माझ्याही ध्यानात आला नव्हता. ट्रॉलीला बारा व्होल्टचे दोन साधे एलईडी दिवे बसवून घ्या आणि वायर लोखंडी नळीतून न्या, म्हणजे हंगामात तुटणार नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला ते जाणवणारही नाहीत.

पुणेरी_प्रवासी

वाचतो आहे. एक भाबडा प्रश्न: कोहऱ्यात चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवून जाणे हा सोपा उपाय नाही काय? एक्सप्रेसवेवर घाटात सगळे तेच करतात.

मुरारकरीण

नाही, कृपा करून असे करू नका. चारही लुकलुकत असतील तर तुम्ही वळणार आहात की थांबलेले आहात की चालू आहात, हे मागच्याला कळत नाही. तो दिवा बंद पडून उभ्या असलेल्या गाडीसाठी आहे. सगळ्यांनीच तो लावला तर खरोखर रस्त्यात उभी असलेली गाडी ओळखायची कशी?

मोटारींच्या पुढच्या दिव्यांना माझा जो विरोध होता तो मी थोडा सैल करते. १२०० कॅन्डेलाची मर्यादा पाळणारा, वळताना इंडिकेटरसाठी नमते घेणारा कारखान्याचा डीआरएल माझ्या हेडलाइटला झाकोळून टाकेल असे मला आता तितकेसे वाटत नाही. दुकानातल्या पट्ट्यांना आणि दिवसा हाय बीम लावून फिरणाऱ्यांना माझा विरोध पूर्वीसारखाच आहे. आणि डीआरएल लागले की मागचे लाल दिवेही लागलेच पाहिजेत, एवढी एकच सक्ती करायची म्हटली तर मी उद्या सही करायला तयार आहे.

छावणीकर

मीही सही करीन. पुढच्या दिव्यांच्या सक्तीविषयी मात्र माझे आणि मास्तरांचे जमणार नाही असे दिसते. भिंड रस्त्यावरची सकाळची तिरीप त्यांनी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. परंतु मागच्या दिव्यांचा मुद्दा धागा काढताना माझ्या प्रश्नात नव्हताच, तो तुम्ही सर्वांनी पुढे आणला.

काल संध्याकाळी वाड्याच्या अंगणात एक प्रयोग केला. मी आत बसलो, पत्नी मागे जाऊन उभी राहिली आणि मी बटण एकेका जागी फिरवीत गेलो. 'बंद'वर पुढे डीआरएल, मागे काही नाही. 'ऑटो'वर आधी तेच. उजेड उतरत गेला तसे एकदम सगळे लागले, आणि ते कोणत्या क्षणी लागतात हे मला आतून कळले नाही, पत्नीने ओरडून सांगितले तेव्हा कळले. पार्किंगच्या खुणेवर मागचे लाल दिवे लागले. हेडलाइटच्या खुणेवर अर्थातच सर्व लागले. डॅशबोर्ड चारही वेळा सारखाच उजळलेला होता. त्यावर हिरवी खूण एवढाच काय तो फरक, आणि ती सुपारीच्या खांडाएवढी आहे. गाडी विकताना त्या तरुणाने मला गाणी लावण्याची सोय अर्धा तास समजावली होती, ही खूण दाखवली नव्हती. अर्थात मीही विचारले नव्हते.

आता डिसेंबर ते फेब्रुवारी बटण 'ऑटो'वर ठेवायचेच नाही, निघतानाच हेडलाइटवर फिरवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

हिमनगरी

काका, उत्तम. फक्त उतरताना ते पुन्हा फिरवायला विसरू नका, नाहीतर मुरारकरीण ताईंच्या काकूंची बॅटरीविषयीची भीती तुमच्या बाबतीत खरी ठरेल.

मुरारकरीण

आज आमच्याकडेही तो प्रयोग केला. बाबांच्या मोटारीला डीआरएल नाहीत, त्यामुळे ते म्हणत होते की आपला या चर्चेशी संबंध नाही. मागे उभी राहिले तर डावा लाल दिवा लागेना. तो किती दिवसांपासून बंद होता कोणास ठाऊक. गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत नवा बल्ब बसवून दिला.